हा विकी कोण?

मार्चमधली सकाळ. 10 वाजून 20 मिनिटं, पेपर 11चा. फोन उचलला तर आधी नुसता व्हरांड्यातला गलका ऐकू आला, आणि मग दबक्या आवाजात, "दादा, रायटरचं बोनाफाईड मागतायत. ते लागतं का हो?" लागतं. म्हणजे त्या कॉलेजात लागतं. तिथून चालत पाच मिनिटांवरच्या दुसऱ्या कॉलेजात शाळेच्या ओळखपत्रावर काम भागतं. हे मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, दोन वर्षांपूर्वी मीच आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते यथासांग लिहिलं होतं: अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा, फोटो किती, शिक्का कोणाचा. आता ती पोस्ट शोधायला बसलो. बोनाफाईड, बोनाफाइड, बोनोफाईड; मग रोमन लिपीतल्या पाच-सहा तऱ्हा. वर सरकवत गेलो तर वाढदिवसाचे केक, गौरीची आरास, कुणाच्या तरी सासऱ्यांना श्रद्धांजली. पोस्ट सापडली तेव्हा 11 वाजून गेले होते. तोवर रायटर मुलीचे वडील स्कूटर काढून तिच्या ज्युनियर कॉलेजकडे सुटले होते. पेपर पावणेबाराला सुरू झाला. विद्यार्थिनी पुढे पास झाली, त्या सकाळीबद्दल एका शब्दाने कधी बोलली नाही. मला मात्र तो गलका अजून ऐकू येतो.

आमचा गट म्हणजे पंधरा-वीस माणसं. नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही. पुण्यात शिकणाऱ्या अंध मुलामुलींना परीक्षेला रायटर शोधून द्यायचा, एवढंच काम. सरकारी भाषेत लेखनिक. पण मुलं रायटरच म्हणतात, आम्हीही. मूल सांगतं, रायटर लिहितो. केंद्र सरकारने 2018 साली मार्गदर्शक सूचना काढल्या: तासाला किमान 20 मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा, आणि विद्यार्थ्याने स्वतःचा रायटर आणला तर तो शिक्षणाने एक पायरी खालचा हवा. कागदावर काम इतकं सोपं आहे. प्रत्यक्षात प्रत्येक दारावरचा माणूस त्यात आपली एक ओळ घालतो. कुठे रायटरची मागच्या वर्षीची गुणपत्रिका, कुठे प्राचार्यांची सही आदल्या दिवशीच, कुठे "तळमजल्यावर खोली नाही, तिसऱ्या मजल्यावर जा." या वरच्या ओळी कुठेच छापलेल्या नसतात. त्या कुणाच्या तरी डोक्यात असतात.

आमच्याकडे ते डोकं काकूंचं.

काकू सत्तरीच्या पुढे. नवरा गेल्यावर दुपारी वेळ जात नाही म्हणून एका शेजारणीच्या मुलाला पुस्तक वाचून दाखवायला गेल्या, तिथून हे सगळं सुरू झालं. त्यांच्याकडे एका बँकेची जुनी डायरी आहे, चॉकलेटी रेक्झिनची, कडा फुगलेल्या. आत तारखांशी काही संबंध नाही. 14 ऑगस्टच्या पानावर एका कॉलेजच्या शिपायाचं नाव आणि "गोड बोलतो पण 10 नंतर जागेवर नसतो". पुढे दोन पानांवर एका मुलाविषयी: "प्रश्न दोनदा वाचलेला आवडत नाही. गुण आधी सांगावेत." मधूनच दुधाचा हिशेब. मी एकदा फोनवरून फोटो काढू का विचारलं. काकूंनी डायरी मिटली, तिच्यावर चष्म्याचं घर ठेवलं आणि चहा टाकायला उठल्या. उत्तर मिळालं.

त्या मार्चनंतरच्या बैठकीत मी म्हणालो, आपण विकी करू या. काकूंच्याच हॉलमध्ये, डोक्यावर पंखा करकरत होता. त्या म्हणाल्या, "हा विकी कोण?" सगळे हसले, मीही, पण त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मग होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसपासून सुरुवात केली. त्या बसचं नाव विकी विकी. हवाईच्या भाषेत विकी म्हणजे लवकर, आणि जोर द्यायचा तर दोनदा म्हणायचं. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन माणसाने 1995 साली कुणालाही चटकन बदलता येतील अशी पानं बनवली आणि त्या बसचं नाव त्यांना दिलं. काकू म्हणाल्या, "म्हणजे आपलं पटपट. मग पटपट म्हणा की." आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडी ते पटपटच आहे.

सगळ्यांचा पहिला सवाल अपेक्षित होता: गूगल ड्राइव्हवर टाक ना, कशाला नसती उठाठेव? तो प्रयोग आमचा करून झाला होता. फोल्डर ज्याच्या नावावर होतं तो मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला, जागा भरली म्हणून त्याने एका रविवारी आपलं खातं साफ केलं, आणि त्यात आम्हीही साफ झालो. त्याचा दोष नाही. स्वतःच्या घरातली अडगळ तो काढत होता. पण आमची अडगळ दुसऱ्याच्या माळ्यावर का, हा प्रश्न राहिलाच. शिवाय मुलांचे फोन नंबर, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांच्या प्रती, कुणाला किती दिसतं आणि किती नाही. हे सगळं आपल्या ताब्यात हवं असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर त्यात थोडी हौसही होती. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांची सॉफ्टवेअरं सांभाळणाऱ्या माणसाला घरी येऊन आपलं एखादं लावावंसं वाटतं, जसं आचाऱ्याला रात्री स्वतःसाठी पिठलं टाकावंसं वाटतं.

मग तीन आठवडे मी नुसती तुलना करत होतो. मीडियाविकी म्हणजे ज्यावर विकिपीडिया चालतो तेच. आमच्यातल्या दोघांना मराठी विकिपीडियावर लिहायची सवय होती, त्यांचं मत तिकडे. पण ते बांधलंय मुळात सगळ्यांनी सगळं वाचावं म्हणून. अमुक पान फक्त तिघांना दिसावं असं म्हटलं की त्याच्या स्वभावाविरुद्ध जावं लागतं, आणि हे त्याचे कर्तेच सांगतात. आमच्याकडे तर अर्धी पानं तिघांपुरतीच असणार होती. टिडलीविकीची गंमत वाटली: अख्खा विकी एका फाइलीत, पेनड्राइव्हवर मावणारा. एकट्यासाठी झकास, वीस जण त्याच फाइलीवर तुटून पडले की कुणाची प्रत खरी, यावर पुन्हा व्हॉट्सॲपच. विकी डॉट जेएस चकचकीत, पण त्याला नोड नावाचं वेगळं सॉफ्टवेअर आणि डेटाबेस, आणि ते सांभाळायला मी. मी आजारी पडलो तर? बुकस्टॅकमध्ये फडताळ, फडताळात पुस्तक, पुस्तकात प्रकरण, प्रकरणात पान. ही रचना मला इतकी आवडली की एका रात्रीत आमची तीन फडताळं मांडून मोकळा झालो. आणि डोकुविकी. 2004 साली आंद्रेआस गोर या जर्मन गृहस्थांनी लिहायला घेतलेलं, दिसायला सरकारी कचेरीसारखं. डेटाबेस नाहीच; प्रत्येक पान म्हणजे एक साधी मजकुराची फाइल, जुन्या आवृत्त्या ॲटिक नावाच्या फोल्डरात, म्हणजे शब्दशः माळ्यावर. एका मित्राने नाव ऐकून विचारलं, "डोकं विकून विकी घेतलास का?" मी यादीत त्याला शेवटी टाकलं होतं.

यादी फिरली ती एका संध्याकाळी, आणि ती मी फिरवली नाही.

गटात एम.ए. करणारी एक मुलगी आहे. पूर्ण अंध. पूर्वी आमच्याकडे रायटर मागायला यायची, आता इतरांसाठी रायटर ती जुळवते, आणि आम्हा डोळसांपेक्षा बरी जुळवते. मी लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. त्यावर मी तयार केलेला एक देखणा नमुना होता. कुठला ते सांगत नाही, दोष त्याचा कमी आणि मी जोडलेल्या संपादन-खिडकीचा जास्त होता. तिने आपला एनव्हीडीए सुरू केला. हा पडदा वाचून दाखवणारा फुकट प्रोग्रॅम ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने 2006 साली लिहायला घेतला, कारण विकतचे परवडण्यासारखे नव्हते. तिचा वेग असा की मला तो आवाज म्हणजे पत्र्यावर पाऊस. तिने एच दाबलं, मथळ्यांवरून टणाटण उड्या मारत खाली आली, हे छान जमलं. मग ‘संपादन’. आणि तिथून पुढे पत्रा एकच शब्द वाजवायला लागला: बटण. बटण. बटण. बटण. माझी ती सुंदर चित्रांची पट्टी, एकाही चित्राला नाव नाही. तिने दोन-तीनदा टॅब मारून पाहिलं, मग हात मांडीवर घेऊन म्हणाली, "दादा, लिहायची जागा कुठंय?" मला ती जागा समोर दिसत होती. पडदाभर पांढरी.

दुसरा-तिसरा नमुना दाखवत शेवटी डोकुविकी उघडलं, काहीशा शरमेनेच. एक साधा चौकोन, त्यात साधा मजकूर. तिने ई दाबलं, थेट चौकोनात. "हे तर नोटपॅडच आहे." मथळा कसा द्यायचा विचारलं. मी सांगितलं, दोन्ही बाजूंना बरोबरची चिन्हं; सहा म्हणजे सगळ्यात मोठा, पाच म्हणजे त्याखालचा. बाकी बहुतेक ठिकाणी हे नेमकं उलट, जितकी चिन्हं जास्त तितका मथळा लहान. त्यामुळे मी अजूनही चुकतो. ती नाही चुकत. दहा मिनिटांत तिने पहिलं पान लिहिलं. नाव दिलं ‘रायटरने काय करू नये’. पहिली ओळ: "उत्तर चुकलेलं वाटलं तरी उसासा टाकू नये. आम्हाला ऐकू येतो."

ती ओळ वाचून मी फडताळं मोडली.

मग घरगुती भानगडी. आधी विकी एका मित्राच्या घरी, त्याच्या मुलाने टाकून दिलेल्या डेस्कटॉपवर ठेवला. चांगला चालायचा, गुरुवार सोडून. त्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते हे पुण्यात राहून मला सुचू नये याची लाज वाटते. एक पेपर नेमका गुरुवारी आला. मग सरळ वर्षाचे पैसे भरून थोडी जागा भाड्याने घेतली. विकी हलवायचा म्हणजे काय, तर एक फोल्डर इथून उचलून तिथे ठेवला, झालं; डेटाबेस नसल्याचं सुख त्या दिवशी कळलं. पुढे नवीन सदस्यांसाठी नोंदणी उघडी ठेवली, आणि महिन्याभरात ‘रायटरांची यादी’ या पानाखाली परदेशी जुगारखान्यांच्या जाहिरातींची जत्रा भरली. नोंदणी बंद केली. आता नवीन माणूस आला की मी हाताने खातं उघडतो, जुन्या पतपेढीसारखं.

एका चुकीत मात्र माझे दोन रविवार गेले. कुणीतरी ‘द्वितीय वर्ष परीक्षा अर्जासोबतची कागदपत्रे’ अशा नावाचं पान करायला गेलं, आणि ते जतनच होईना. मराठीत कुणीही असंच नाव देईल, त्यात गैर काही नाही. खोदत गेल्यावर कळलं ते असं: देवनागरीचं एक चिन्ह संगणकात तीन बाइट घेतं. डोकुविकी आपणहून पानाचं नाव फाइलीला देताना त्या प्रत्येक बाइटाचं टक्केवारीच्या चिन्हासकट तीन अक्षरांत रूपांतर करतं, म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरं. आणि लिनक्सवर फाइलीच्या नावाला 255 बाइटांची मर्यादा. भागाकार करा: मराठी नाव जेमतेम सत्तावीस चिन्हांचं, आणि त्यात काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगवेगळे मोजायचे. इंग्रजी नावाला या कुंपणाचा पत्ताही लागत नाही. उपाय एका ओळीचा होता, नावं जशीच्या तशी ठेव असं सांगणारा, आणि तो माहितीपुस्तिकेत लिहिलेलाही होता. मी वाचला नव्हता. आता मर्यादा ऐंशीच्या आसपास. पण तोवर झालेल्या सगळ्या पानांच्या फाइलींची नावं बदलत बसावं लागलं. टक्केच्या चिन्हांच्या त्या रांगांतून ‘पायऱ्या’ हा शब्द ओळखायला मी शिकलो होतो. हे कौशल्य आता कुठे वापरू?

पायऱ्यांवरून आठवलं. कुठल्या केंद्रावर जिने आहेत, रेलिंग कुठल्या बाजूला आहे, हे आम्ही लिहून ठेवतो. एकदा शोधात ‘पायऱ्या’ टाकलं तर तीनच पानं आली. मला पक्कं माहीत होतं की सात आहेत. पडद्यावर सातही ठिकाणी तोच शब्द. ती एम.ए.वाली मुलगी शेजारी बसली होती. तिने एकेका शब्दावर बाण दाबत अक्षर-अक्षर ऐकलं आणि म्हणाली, "दादा, हे दोन वेगळे शब्द आहेत." होतेच. ती आडवी झोपलेली रेफ, जी मराठीत रोज शंभरदा लागते, टाइप करायचे दोन रस्ते आहेत. एकात खाली टिंब असलेला ‘ऱ’ येतो, दुसऱ्यात साधा ‘र’ आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना फरक शून्य. यंत्राला मात्र ती दोन वेगवेगळी गावं. मी वर्षानुवर्षं मराठी वाचतोय, लिहितोय, आणि माझ्याच भाषेतली ही चूक डोळे मिटून सापडावी! आता रात्री एक छोटी स्क्रिप्ट फिरते आणि सगळ्यांना एकाच ‘ऱ’वर आणते.

विकी चालतो का? चालतो असं म्हणायला हरकत नाही. लिहिणारे मोजून पाच, त्यात दोघं अंध, वाचणारे बाकीचे, आणि वाचूनही फोन करणारे सगळेच. "पानावर दिलंय ना," असं मी सुरुवातीला म्हणायचो. मग लक्षात आलं की परीक्षेच्या दिवशी सकाळी फोन करणाऱ्याला माहिती नको असते, कुणीतरी हो म्हणायला हवं असतं. आता मी हो म्हणतो आणि मग हळूच पान उघडून खात्री करून घेतो.

बोनाफाईडचं पान मी स्वतः लिहिलं. त्याला त्या सगळ्या शुद्धलेखनांनी वाट ठेवली आहे.

राहिल्या काकू. त्यांचं खातं त्या मुलीनेच उघडून दिलं, पासवर्ड अर्थातच डायरीत. पण वर्षभर काकूंनी एक अक्षर लिहिलं नाही. मी एकदा चिडून विचारलं, एवढं तुम्हाला ठाऊक आहे, चार ओळी लिहायला काय होतं? त्या भाजी निवडत होत्या. "अरे, लिहिलं की त्याचा नियम होतो. त्या पोराला प्रश्न दोनदा वाचलेला आवडत नाही, हे मी तुझ्या पटपटवर लिहायचं. उद्या तो मोठा होईल, त्याला आवडायला लागेल. मग ते खोडायला मी कुठे असेन?" विकीत खोडता येतं, तेवढ्यासाठीच तर तो असतो, हे माझ्या ओठावर आलं होतं. आणि हेही होतं की त्या डायरीतलं निम्मं कुठल्याही सर्व्हरवर असू नये. कुणाचा बाप पितो, कोण पेपरच्या आधी ओकतं, कुणाला घरून डबा येत नाही. मीच मुलांची माहिती आपल्या ताब्यात हवी म्हणून एवढा खटाटोप केला होता; त्या माहितीचा सगळ्यात चोख ताबा त्या चष्म्याच्या घराखाली होता. निवडलेल्या मेथीच्या काड्या काकूंनी माझ्या हातात दिल्या, मी कचऱ्यात टाकून आलो.

या मार्चमध्ये एका पेपरच्या दिवशी पहाटे 5 वाजून 40 मिनिटांनी मी ‘रायटरने काय करू नये’ हे पान उघडलं. एका परीक्षा केंद्राने वेळ बदलली होती, त्याची तळटीप घालायची होती. संपादन दाबलं तर सूचना आली: हे पान सध्या दुसरं कुणीतरी संपादित करत आहे, थांबा. डोकुविकीत ही सोय आहे, एक जण लिहीत असला की पानाला कुलूप लागतं, आणि हालचाल थांबली की 15 मिनिटांनी आपोआप निघतं. कुलूप कुणाचं त्याचं नावही देतात. नाव काकूंचं होतं.

मी चहा टाकला. खाली दूधवाल्याच्या किटल्या वाजल्या. पुन्हा पाहिलं, कुलूप होतं. सहा वाजले, सव्वासहा. एवढा वेळ कुलूप टिकतं म्हणजे माणूस टाइप करत असतो, थांबत असतो, पुन्हा टाइप करत असतो. त्यांच्या त्या एका बोटाने. साडेसहानंतर केव्हातरी कुलूप निघालं. पानाचा इतिहास पाहिला: काही नाही. शेवटचा बदल त्या मुलीचा, दोन आठवड्यांपूर्वीचा. काकूंनी जतन केलंच नव्हतं. बटण सापडलं नसेल, किंवा सापडून दाबलं नसेल. माझी तळटीप मी दुसऱ्याच पानावर घातली आणि आवरून केंद्रावर गेलो.

रात्री आठवलं की लिहिता लिहिता यंत्र मसुदा आपोआप ठेवत असतं. कॅशच्या, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या, फोल्डरात पाहिलं तर होता. 1 फाइल, वेळ सकाळी 6 वाजून 19 मिनिटांची. साधा मजकूर, कुलूप नाही, मालकीण माझी काकू आणि सर्व्हरची किल्ली माझ्याकडे. उघडायला एक टिचकी पुरे. फाइलीच्या नावावर थोडा वेळ कर्सर ठेवून बसलो. त्या पुन्हा कधी ते पान संपादनाला उघडतील तेव्हा यंत्रच त्यांना सांगेल, तुमचा अर्धवट मसुदा सापडलाय, हवा की नको. काकूंना मी अजून काही बोललो नाही, त्यांनीही विषय काढलेला नाही. परवा भेटल्या तेव्हा डायरी शेजारीच होती, तिच्यावर चष्म्याचं घर.

दर रविवारी विकीचा बॅकअप घेताना कॅशचं फोल्डर वगळायचं असतं. त्यात नुसता कचरा असतो, सगळे वगळतात. मी हल्ली वगळत नाही.